फगनीचा गंधार

गोंदियाहून बालाघाटला जाणारी गाडी आता मोठ्या लाइनीवरून धावते. माझ्या लहानपणी तिथे छोटी लाइन (नॅरोगेज) होती. डबे इतके अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागायचा आणि बालाघाट येईपर्यंत त्याच्या घरची सगळी माहिती आपल्याला व्हायची. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं, असं आमच्याकडचा प्रत्येक माणूस सांगतो. मी स्वतः कधी उतरलो नाही, पण सांगताना उतरलो होतो असंच सांगतो. या डिसेंबरात बावीस वर्षांनी त्या वाटेने निघालो तेव्हा खिडकीपाशी जागा मिळाली, बसायला गादी होती, गाडी वेळेवर होती, आणि मला काही केल्या करमेना.

मी नागपुरात पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. चाळीस वर्षं हाच उद्योग. भाता फाटला, पट्टी अडकली, सूर उतरला की लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना आधी थोडं रागावून मग काम करून देतो. महिन्यापूर्वी बालाघाटहून सुशीलाताई नावाच्या बाईंचा फोन आला. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. जंगलपट्टीतल्या नक्षल-पोलीस लढाईत ज्यांची घरं मोडली अशा मुलांना त्या आणि त्यांच्या काही मैत्रिणी सांभाळतात आणि गाण्याबजावण्यातून त्यांना माणसांत आणतात. पेटीचा भाता फाटला होता आणि गावात दुरुस्त करणारा कोणी उरला नव्हता. "तुमी भरवेलीचे ना? मंग घरचंच काम आहे," असं म्हणून त्यांनी मला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. भरवेली म्हणजे बालाघाटजवळचं माझं गाव, खाणीचं.

वाघ नदीचा पूल गेला की मध्य प्रदेश लागतो. पाट्यांची भाषा बदलते, शेतं तीच राहतात. कापलेल्या धानाचे भारे बांधावर रचलेले होते आणि त्यांचा कोरडा, गोडसर वास डब्यात येत होता. हट्टा रोड स्टेशनावर एक बाई मुरमुऱ्याचं पोतं घेऊन चढल्या. इथल्याच बावडीला (जुन्या विहिरीला) आमच्या शाळेची सहल गेली होती आणि पायऱ्या मोजताना आमच्यातल्या दोघांत मारामारी झाली होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नागपूरून येऊन राह्यले का? मंग इतकं मराठी कसं येते?" नागपुरात मराठीच बोलतात हे सांगण्यात बालाघाट आलं.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला मी 'मुलांची संगीत संस्था' म्हटलं. तो मान डोलावून निघाला आणि त्याने मला लग्नात डीजे भाड्याने देणाऱ्या दुकानासमोर उतरवलं. तिथल्या माणसाने माझी हत्यारांची पिशवी पाहून मला ॲम्प्लिफायरवाला समजून आतही बोलावलं. शेवटी ताईंना फोन लावला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पाटीवरचं नाव लांबलचक आहे, ते आम्हालाही आठवत नाही. रिक्षावाल्याला 'गाना-घर' म्हणा. म्हटलं, तर पाच मिनिटांत पोचलो.

गाना-घर म्हणजे कवेलूंचं (मातीच्या कौलांचं) बैठं घर. पुढे अंगण, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक लांब खोली. ताईंनी जय भीम केला आणि हातात चहा दिला. खोलीत पंधराएक मुलं होती. एका कोपऱ्यात ढोलक, दोन खंजिऱ्या, बासऱ्या, आणि मधोमध सतरंजीवर ती पेटी. जुनी, सागवानी, दोन ओळी सुरांची. म्हणजे एका पट्टीला दोन सूर एकदम बोलतात. कोणीतरी देवळातून दिलेली असावी, कारण बाजूवर कुंकवाचा डाग होता. मी चहा तसाच ठेवून तिच्यापाशी बसलो, झाकण उचललं आणि नेहमीच्या सवयीने सोडून दिलं.

झाकण धाडकन आपटलं. खोलीतला आवाज एकदम गेला. दोन मुलं बाकाखाली होती, ती तिथे कधी गेली हे मला दिसलंही नाही. एका मुलीने धाकट्या भावाला भिंतीशी दाबून धरलं होतं. ताई मुलांच्या मधोमध जाऊन बसल्या आणि हळूहळू एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मग त्यांनी मला तिथली रीत सांगितली. इथे कोणीही अचानक आवाज करत नाही. ढोलक वाजवणाऱ्याने आधी पंजा उंच करून सगळ्यांना दाखवायचा, सगळ्यांनी तो पाहिला की मगच थाप मारायची. आधी पंजा, मग थाप. हळूहळू मुलं स्वतः पंजा दाखवायला शिकतात, आणि ज्याच्या हातात थाप आली त्याची भीती निम्मी होते. जंगलात आता शांत आहे, बंदुका थांबल्या, असं सगळेच सांगतात. ताई म्हणाल्या, "जंगल शांत झालं भाऊ, पोरायचे कान नाही झाले." मला इतकी लाज वाटली की मी झाकणाला माझा रुमाल बांधून टाकला.

त्या गडबडीत एकच मुलगी जागची हलली नव्हती. नऊ वर्षांची असेल. काळीसावळी, कपाळावर गोंदलेलं, केस तेल लावून घट्ट बांधलेले. मी पेटीपासून बाजूला झालो तशी ती पुढे सरकली, फाटक्या भात्याला भराभर हात मारला आणि एक पट्टी दाबली. मधल्या सप्तकातला गंधार. एवढाच. पुन्हा भाता, पुन्हा तोच गंधार. दोन सुरांतला एक चांगलाच उतरलेला होता, त्यामुळे दोघं एकमेकांना घासून थरथरत होते. माझ्या दातांत कळ आली. ती मात्र ओठ मिटून त्या थरथरीबरोबर अगदी बारीक गुणगुणत होती.

तिचं नाव फगनी. फागुनात जन्मली म्हणून फगनी. वर्षभरापूर्वी आली तेव्हापासून एक शब्द बोललेली नव्हती, असं ताईंनी सांगितलं. गुणगुण गेल्या दोन महिन्यांतली. ताई ती बोटांवर मोजून सांगत होत्या: आधी नुसती पट्टी, मग श्वास, मग गुणगुण. "आता कदी तरी तोंड उघडन," त्या म्हणाल्या.

जेवायला चिन्नोरचा भात होता. हा इथला बारीक सुवासिक तांदूळ. ताटात पडला आणि मी दोनदा वाढून घेतला. सोबत लाखोडीच्या डाळीचं वरण आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा. माझी आई असाच भात पातेल्याला फडकं बांधून ठेवायची, बाबा खाणीतून येईपर्यंत. नागपुरात चिन्नोर म्हणून काहीही विकतात आणि मी ते खातो.

दुपारी मुलं शाळेत गेली, फगनीलाही सोबत नेलं. ताई बाजारात गेल्या. जाताना म्हणाल्या की भाता तेवढा बघा. मी भात्याची फट उसवली, मऊ चामड्याची पट्टी कापली, सरस लावून चिकटवली. तासाभराचं काम. सरस वाळेपर्यंत थांबायचं होतं, आणि हातांना थांबता येत नाही हाच आमच्या धंद्यातला रोग. समोर तो गंधार होता. लांबून आलोय, लेकरांची पेटी आहे, तर अर्धवट कशाला सोडायची, असं मनात आलं. सुरांची फळी बाहेर काढली. हवेने थरथरून सूर देणारी पितळी जिभली, तिच्या टोकाशी हिरवट मळ चढला होता. तो खरवडला, टोकाला दोनदा कानस फिरवली, सरस वाळल्यावर बसवून पाहिलं. गंधार असा स्वच्छ बोलला की खोली धुतल्यासारखी वाटली. मी स्वतःवर खूश होऊन अंगणात उन्हात जाऊन बसलो.

मुलं परतली. फगनी चपला काढून सरळ पेटीशी गेली. पट्टी दाबली. थांबली. पुन्हा दाबली. मग तिने पट्टीवरून बोट उचललं आणि बोटाकडेच पाहिलं. बाजूच्या दोन पट्ट्या दाबून पाहिल्या, परत गंधारावर आली. मला वाटलं, पोरीला फरक कळला, आता हसेल. तिने भात्याची कडी नीट लावली, उठली आणि स्वयंपाकघरात धानाच्या कोठीमागे जाऊन बसली. संध्याकाळी जेवायलाही बाहेर आली नाही.

ताईंनी पट्टी दाबून पाहिली आणि त्यांना सगळं कळलं.

"भाऊ, मी तुमाले भाता पाह्यले सांगतलं होतं. सूर काहून काढला?"

मी म्हटलं, तो चुकीचा होता.

"हौ. चुकीचा होता. तिच्या बापाचा बाना असाच वाजे."

बाना म्हणजे परधान या गोंडांच्या गाणाऱ्या जमातीचं तीन तारांचं वाद्य, गजाने वाजवतात. फगनीचा बाप यजमानांच्या घरी जाऊन बाना वाजवायचा आणि पूर्वजांच्या कथा गायचा. एका संध्याकाळी त्याला कोणीतरी घराबाहेर बोलावलं. कोणी, हे गावात कोणी सांगत नाही. तेव्हा बोलावणारे दोन्ही बाजूंचे होते. तो परत आला नाही. घरात उरलेल्यांनी गाव सोडलं, बाना मागे राहिला. पुढे फगनीची मावशी तिला भेटायला आली, तिने पेटीवरचा तो थरथरता गंधार ऐकला आणि इथेच अंगणात रडत बसली. तेव्हा ताईंना कळलं की पोर वर्षभर काय वाजवते आहे.

मी म्हटलं, काही चिंता नाही, होता तसा उतरवून देतो. ताई म्हणाल्या द्या. मी कानस हातात घेतली आणि तेव्हा लक्षात आलं की तो कसा होता हे मला आठवतच नाही. किती उतरलेला? किती थरथरत होता? मी तो ऐकला होता, पण ऐकता क्षणी चुकीचा ठरवून मनातून काढून टाकला होता. चाळीस वर्षं माझे कान बरोबर काय ते लक्षात ठेवायला शिकलेत. चूक कशी होती हे त्यांनी कधी साठवलंच नाही. ताईंनाही सांगता येईना. असा नव्हता, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीही फगनी कोठीमागेच होती. तिला बोलवायचं धैर्य होईना आणि रिकामं बसवेना, म्हणून मी भरवेलीला गेलो. चारपाच किलोमीटरच तर आहे. मॅंगनीजच्या खाणीची वसाहत, जिथे माझं लहानपण गेलं. रस्त्याच्या कडेची माती तशीच काळी. पूर्वी पाळी सुटली की सायकलींची रांग लागायची, आता मोटरसायकली. आमच्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं. दारात एक बाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मला पाणी दिलं. विहाराचा ओटा आता फरशीचा झालाय. त्याच ओट्यावर वसाहतीची गाण्याची पार्टी बसायची, बाबा मधोमध, एक हात कानावर. पेटीला मी पहिल्यांदा हात लावला तोही तिथेच.

ओट्यावर देवरावकाका भेटले. त्या पार्टीतले ते एकटेच उरलेत, खंजिरी वाजवायचे. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, मग हात सोडेनात. बोलता बोलता बाबांवर आलो. मी नागपुरात नवा नवा काम शिकलो होतो तेव्हाची गोष्ट. सुट्टीत आलो होतो, बाबा गात होते, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की बाबा, तुम्ही सुरातून उतरता. बाबा हसले होते. त्यानंतर मी त्यांना गाताना ऐकलं नाही. खाणीच्या धुळीने छाती गेली असेल, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो होतो.

काकांनी ते ऐकून मान हलवली. "छाती गिती काही नाई गेली. तू बोलला, त्यानं गाणं सोडलं. तो उतरते हे आमाले का ठाऊक नव्हतं? आमी सारेच त्याच्या मांगं उतरत होतो. लोक आयकत होते. तो चूप झाला, मंग वर कोण जाणार अन खाली कोण येणार? पार्टीच सुटली."

ते रागाने बोलले नव्हते. मी मात्र ओट्यावर तोंड झाकून बसलो, आणि बाबांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. खूप केला. आठवला तो साफ, सुरातला, म्हणजे त्यांचा नव्हे.

परत आलो तो सरळ स्वयंपाकघरात गेलो. कोठीच्या अलीकडे पोतं अंथरलं, पेटी आणून ठेवली आणि झाकण हळूच उघडलं. फगनी मला दिसत नव्हती, फक्त तिच्या पायाची बोटं दिसत होती. मी तिच्याशी हिंदीत बोललो, कारण मराठी तिला कळत नाही आणि तिची भाषा मला.

"बेटा, तेरा सुर मैंने बिगाड़ दिया. वो कैसा था, मुझे याद नहीं. किसी को याद नहीं. तू बताएगी तो बनेगा."

पायाची बोटं हलली नाहीत. मी फळी काढली, जिभलीच्या मुळाशी कानस लावली. टोकाला घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो. एकदा घासून बसवलं आणि पट्टी दाबली. काही नाही. पुन्हा काढलं, घासलं, बसवलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी कोठीच्या कडेने एक डोळा दिसला. तिने मान हलवली. नाही.

आणखी दोनदा. आता दोन सूर एकमेकांना घासू लागले होते आणि माझे दात शिवशिवत होते. फगनी बाहेर येऊन पेटीच्या पलीकडे बसली होती. ताई दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी पट्टी दाबली आणि तिच्याकडे पाहिलं.

"अउ," फगनी म्हणाली. (आणखी.)

आवाज घोगरा होता, न वापरलेला. मी मान वर केली नाही. केली असती तर कानस धरवली नसती. आणखी घासलं. "अउ." आणखी. आता मला दुसरी भीती वाटू लागली. मुळाशी फार घासलेलं पितळ थकतं आणि एखाद्या वेळी तुटतं. माझ्याकडे दुसरी जिभली होती, पण तिचा आवाज दुसराच असता. मी ते तिला सांगितलं की और घिसूंगा तो टूट सकता है. ती विचारात पडली. तिने जिभलीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं.

"अउ," ती म्हणाली.

मी डोळे मिटून तीनदा, अगदी हलकी कानस फिरवली. बसवलं. भाता तिच्याकडे सरकवला. तिने पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली.

"बस."

मी विचारलं, वही है? तिने बराच वेळ ऐकलं. मग मान हलवली. नाही, तोच नव्हता. पण बोट तिने उचललं नाही. भाता मारत राहिली, गुणगुणू लागली, आणि मग तिचं तोंड उघडलं. ती गात होती. काय ते मला एक शब्दही कळला नाही. बाहेरची मुलं दाराशी गोळा झाली. एकाने ढोलक आणलं होतं. त्याने पंजा उंच करून तिला दाखवला, तिने पाहिला, आणि मग थाप पडली.

आम्हा दुरुस्तीवाल्यांची एक रीत आहे. काम झालं की पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं. पुढे कोणी पेटी उघडली तर त्याला कळतं की आधी कोणाचा हात लागला. निघताना मी पेन्सिल काढली आणि थबकलो. पुढचा कारागीर तो गंधार ऐकून माझ्या नावाने हसणार होता. मग लिहिलंच, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात.

नागपूरला परतून पंधरा दिवस झाले असतील. ताईंचा फोन आला. मी आधी फगनीचंच विचारलं. ती बोलते आहे, फार नाही, लागेल तेवढं. मग त्यांनी कालची गोष्ट सांगितली. शहरातले एक संगीत शिक्षक मुलांना भेटायला आले होते. मोठा माणूस. पेटीवर बसले, गंधाराला आले आणि कानावर हात ठेवला. हा कोणत्या गाढवाने लावलाय, म्हणाले. माझ्याकडे माणूस आहे, उद्याच पाठवून नीट करून घेतो. ताई काही बोलणार, तोवर फगनी उठली आणि त्यांच्या आणि पेटीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "इसको हाथ मत लगाना," तिने त्यांना सांगितलं. "बनानेवाले ने पूछ के बनाया है."

फोन ठेवला आणि मी दुकानाचं दार थोडा वेळ लोटून घेतलं. चाळीस वर्षांत पुष्कळांनी माझ्या कामाची वाखाणणी केली आहे. विचारून केलंय असं मात्र कोणी म्हणालं नव्हतं, कारण तोवर मी कधी कोणाला विचारलंच नव्हतं.